तिसरी बाटली

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात वीतभर लांबीची लोखंडी पट्टी आहे. तिला तीन बाजूंनी काठ, चौथी बाजू मोकळी. समोर उतरत्या फळीवर तीनेकशे लाकडी खण आणि प्रत्येक खणात एकाच अक्षराचे शिशाचे खिळे. उजव्या हातानं एकेक खिळा उचलून पट्टीत लावायचा. अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. ओळ भरली की अंगठ्यानं दाबून बघायची. डुगडुगली तर शब्दांच्या मधे कोरे खिळे सारायचे. आणि मुख्य म्हणजे वाचायचं नाही. अर्थात शिरलात की हात अडखळलाच म्हणून समजा.

एका साप्ताहिकाच्या छापखान्यात त्यानं हे काम एकतीस वर्षं केलं. हुद्दा जुळारी, पण सगळे त्याला ‘आरसा’ म्हणत. सरळ छापलेला मजकूर वाचायला त्याला वेळ लागे, उलटा मात्र तो घडाघडा वाची.

शेवटचं पान त्याच्याकडे असे. साहेबाच्या राज्यात ते साप्ताहिक बातम्यांवर नाही, औषधांवर जगत होतं. शक्तीच्या गोळ्या, रक्त शुद्ध करणारा अर्क, टकलावर केस आणणारं तेल, दम्याचं सिरप. दाढीवाल्या गोऱ्या डॉक्टरच्या चित्राचा एक ठोकळा बोटीनं आला होता. तो या आठवड्यात गोळ्यांची शिफारस करी, पुढच्या आठवड्यात तेलाची.

“डॉक्टर एकटा आणि दुखणी सात,” मशीनवाला म्हणायचा. “बिचाऱ्याला जेवायला तरी उसंत मिळते का?”

जाहिरातीचे खिळे दर आठवड्याला नव्यानं जुळवत नसत. छपाई झाली की अख्खा मजकूर सुतळीनं गच्च बांधून भिंतीलगतच्या दगडी फळीवर ठेवायचा. पुढच्या वेळी तोच उचलायचा, औषध बदललं असेल तर नावाची तेवढी ओळ उपसून दुसरी बसवायची. गुण आलेल्या माणसांची पत्रंही अशीच बांधून ठेवलेली. पत्रं लिहायचे व्यवस्थापक. ‘आपल्या दिव्य औषधाने मला नवजीवन लाभले’ असं एकदा सुरू झालं की त्यांची लेखणी आवरत नसे.

एक पत्र मात्र त्यांचं नव्हतं. ते कुणा बाईचं होतं आणि खरोखरच टपालानं आलं होतं. “मी दोन वर्षं बसून झोपत होते. तिसरी बाटली संपली त्या दिवशी मी बादली घेऊन जिना चढले, मधे थांबले नाही. वर पोचल्यावर आठवेना, मी कशाला आले होते.” एवढंच. हे पत्र अकरा वर्षं फळीवर होतं आणि फिरत फिरत सगळ्या औषधांच्या कामी आलं होतं. केसांच्या तेलाच्यासुद्धा. पत्राखालची औषधाच्या नावाची ओळ दर वेळी आरसाच बदलत असे. म्हणजे त्याचे हात ती बदलत, तो वाचत नसे.

घरी थोरली बहीण होती. आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं, पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. आता तिला दमा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपे. छापताना डागाळलेले अंक तो घरी आणी आणि ताई ते पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून काढी.

एका सुट्टीच्या दुपारी त्याला खिडकीत निळी बाटली दिसली. दवाखान्यातल्या पांढऱ्या पुड्या शेजारच्या डब्यात होत्या तशाच होत्या.

“पुड्या घेत नाहीस?”

“आठ दिवस झाले, बंद केल्यात.” ताई दोन शब्दांमागे एकदा श्वास घेत होती. “शेजारच्या काकूंकडून आणवली ही. तुझ्याच पेपरात आहे, वाचलं नाहीस? तू काय वाचणार म्हणा. अरे, ती बाई अगदी माझ्यासारखी आहे.”

त्यानं बूच काढून बोट बुडवलं, चाटलं. साखरेचा पाक आणि मागून घसा जाळणारं काहीतरी.

“श्वास वाढलाय तुझा.”

“वाढणारच. पहिलीच बाटली आहे. गुण तिसरीला येतो.”

ताईनं वाचलेल्या अंकात पत्राखाली सिरपचं नाव त्यानंच बसवलं होतं, दोन हातांनी, उभ्या उभ्या. त्याआधी तिथे अर्क होता. हे सांगायचं तर ताईची आशा जाणार. न सांगावं तर ती तिसऱ्या बाटलीपर्यंत अशीच धापा टाकत बसणार, आणि तिसरीपर्यंत पोचेल याचा भरवसा नव्हता.

त्यानं सांगितलं. सुतळी, दगडी फळी, उपसलेल्या ओळी, सगळं.

ताईनं त्याच्या हातातून बाटली घेतली. “म्हणजे त्या बाईनं टकलाचं तेलही प्यायलं?”

“छापलं तसं.”

“आणि अक्षरं मी शिकवली तुला.” तिनं बाटलीला बूच लावलं. “बाई तरी खरी आहे ना?”

“खरी आहे. पत्र आलं होतं.”

“मग एक बाटलीही खरी असणार. ती कोणती, एवढं सांग. तोवर घेते तुझ्या पुड्या.”

दुसऱ्या दिवशी तो व्यवस्थापकांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. ते म्हणाले, “मूळ पत्र? आरशा, अकरा वर्षांत हे छप्पर दोनदा गळलं. पत्राचं काय घेऊन बसलास?” जुने अंक बघावेत म्हणून त्यानं कपाट उघडलं. वर्षावर्षाचे अंक कातडी पुठ्ठ्यात बांधलेले होते, पण बांधणाऱ्यानं प्रत्येक अंकाचं बाहेरचं आवरण, म्हणजे जाहिरातींचं पान, फाडून टाकलं होतं. सगळेच बांधणारे तसं करत. जाहिरात कोण जपून ठेवतो?

उरली ती त्याची स्वतःची सवय. आपल्या हातून पोकळ, डुगडुगती ओळ सुटत नाही याचा त्याला अभिमान होता. त्यानं पत्र फळीवरून उतरवलं आणि नावाची जागा मोजली. सातही औषधांची नावं तिथे तोकडी पडत होती, दोन्ही बाजूंना कोरे खिळे भरावे लागत होते. पहिल्यांदा जुळवताना त्यानं जागा नावाला घट्ट बसेल एवढीच ठेवली असणार, म्हणजे ती मूळ नावाच्या मापाची, आणि ते नाव या सातांपैकी कुठलंच नव्हतं. लांबलचक होतं. ते त्यानंच जुळवलं होतं, त्यानंच उपसलं होतं, त्यानंच एकेक खिळा परत खणात टाकला होता. न वाचता.

मग व्यवस्थापकांना विचारून त्यानं शेवटच्या पानावर तीन ओळी टाकल्या: बादली घेऊन जिना चढलेल्या बाईंनी आपल्या औषधाचं नाव कृपया कळवावं. चार उत्तरं आली. चारही औषधवाल्यांची. प्रत्येकाच्या मते बाई त्याच्याच औषधानं बरी झाली होती, आणि एकानं सोबत बाईचं नवं पत्रही जोडलं होतं. त्यात तिला नवजीवन लाभलं होतं.

“बघ,” ताई म्हणाली, “चार जिने चढून आली बिचारी.”

पुड्यांनी ताईला उतार पडला, पण जेवढा पडायचा तेवढाच. ती आणखी चार वर्षं जगली, बहुतेक बसून झोपली. भाऊ दारात चप्पल काढत असतानाच विचारायची, “लागला का पत्ता?”

बाईचं पत्र त्यानंतर छापलं गेलं नाही. व्यवस्थापकांनी मागितलं की आरसा म्हणे, खिळे झिजलेत. काम सुटलं तेव्हा त्यानं त्या पत्राचा एकच कागद छापून घेतला, नावाची जागा कोरी ठेवून. तो आता खिडकीशी बसतो. जिन्यावर कुणाची पावलं वाजली की हातातलं काम थांबवून ऐकतो, आणि कुणी जुनं माणूस भेटलं की कागद पुढे करून विचारतो: त्या काळात दम्यावर लांबलचक नावाचं एक औषध मिळायचं, तुम्हाला आठवतं का?