दोन मीटरवरून निघालेली गोळी

त्रेचाळीस वह्या तपासून झाल्या आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वह्यांत गोळी २.४ मीटर चढली होती.

गणित अगदी सोपं होतं. एक गुळगुळीत घसरगुंडी, तळाशी वळून पलीकडे पुन्हा वर जाणारी. दोन मीटर उंचीवरून गोळी सोडली. घर्षण नाही. पलीकडे ती किती उंच जाईल? ऊर्जेची अक्षय्यता म्हणजे काय, तर ऊर्जा रूप बदलते, पण वाढत नाही आणि घटतही नाही. वर असताना ती उंचीची असते, तळाशी वेगाची, पलीकडे पुन्हा उंचीची. दोन मीटरवरून निघालेली गोळी दोन मीटरच चढणार. ती फुकटात चाळीस सेंटिमीटर जास्त चढली असती, तर राजस्थानातली विजेची टंचाई एका दुपारात मिटली असती.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याला जयपूरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून तिलक नगरात राहायला आलो. मी एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवत होते. लेक्चरर होते, पण टेम्पररी.

बेचाळीस वह्यांत एकच ओळ होती: 'ऊर्जा संरक्षण के नियम से, २.४ मीटर.' त्रेचाळिसावी वही मीनलची, वर्गातल्या एकट्या मराठी मुलीची. तिचे वडील मिलिटरीत सुभेदार, घर जयपूरच्याच खातीपुऱ्याला. तिच्या वहीत आधी दोन मीटर आलं होतं, व्यवस्थित पायऱ्या करून. मग त्या पानावर दोन आडव्या रेघा. आणि पुढच्या पानावर एक नवाच शोध: गोळी उतरताना गुरुत्वाकर्षण ९.८ आणि चढताना ८.१७!

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे काय गं?"

"मॅडम, ऊपर जाताना g कम होतो ना?"

"होतो. पण हिमालयाच्या टोकावर गेलीस तरी अर्धा टक्कासुद्धा नाही होत. ही तर घसरगुंडी आहे."

ती चप्पल जमिनीवर घासत राहिली. "मतलब, मला पण दोनच आलं होतं. पण कुंजीत २.४ आहे. मग मी सोचलं, माझंच गलत असेल."

मला तिचा राग आला नाही. त्या २.४ चा आला. बरोबर उत्तर काढलेल्या मुलीने ते स्वतःच्या हाताने खोडावं, याचं मला फार वाईट वाटलं.

कुंजी म्हणजे तयार उत्तरांचं गाईड. कव्हरवर लेखकाचं नाव नव्हतं, फक्त 'एक अनुभवी प्राध्यापक' असं छापलेलं. हे अनुभवी प्राध्यापक म्हणजे आमचे विभागप्रमुख माथुरसाहेब. कँटीनच्या भैयापासून सगळ्या कॉलेजला हे ठाऊक होतं. पण साहेब कबूल करत नसत, कारण दर स्टाफ मीटिंगमध्ये ते कुंज्यांवर तोंडसुख घेत. आणि त्याच महिन्यात साहेब माझा वार्षिक रिपोर्ट लिहिणार होते. तो चांगला गेला तर मी पर्मनंट, नाहीतर जुलैपासून घरी.

"तू आपली गप्प बस," नवरा म्हणाला.

"मी कुठं बोलणार आहे? गोळीच बोलेल."

पडद्याची एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून मी लॅबमधल्या फळ्यावर ठोकली. सायकलवाल्याकडून एक छर्रा आणला. पट्टीच्या एका टोकाला वीस सेंटिमीटरवर खूण केली. पलीकडे वीसवर निळी रेघ आणि चोवीसवर लाल रेघ मारली. दोन मीटरला २.४, तर वीस सेंटिमीटरला चोवीस, हा कुंजीचाच हिशेब. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन अदबीनं म्हटलं, "सर, एक छोटा सा डेमॉन्स्ट्रेशन है. शुरुआत आपके हाथ से हो जाए." शुरुआत करायला साहेब कधी नाही म्हणत नसत.

सगळा वर्ग जमला. मी विचारलं, "गोली लाल लाइन तक जाएगी, ऐसा किस-किस को लगता है?"

बेचाळीस हात वर गेले. मीनलचा अर्धा गेला, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

साहेबांनी छर्रा सोडला. तो खाली सुसाट गेला, पलीकडे चढला, निळ्या रेघेच्या जरा खाली थबकला आणि परत फिरला. साहेबांनी पुन्हा सोडला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"फ्रिक्शन है," साहेब म्हणाले.

"जी सर. फ्रिक्शन न हो तो ठीक नीली तक. लाल तक जाने के लिए तो धक्का देना पड़ेगा."

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, लेकिन किताब में तो लाल वाला है!"

"कौन सी किताब?" साहेब गरजले.

बेचाळीस जण साहेबांकडे बघत होते. आता माघार कसली!

"एक कुंजी है, सर," मी म्हणाले. "लेखक का नाम नहीं है. कोई अनुभवी प्राध्यापक हैं. उन्होंने तो सही लिखा होगा, प्रेस की गलती होगी."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हाँ. ये प्रेस वाले बहुत लापरवाह होते हैं." आणि छर्रा माझ्या हातात ठेवून निघून गेले.

पुढचे तीन आठवडे मला नीट झोप लागली नाही. नवऱ्यानं साताऱ्यातल्या कॉलेजांची चौकशीसुद्धा सुरू केली. मग एके दिवशी शिपाई दोन गोष्टी घेऊन आला. एक, मी पर्मनंट झाल्याचं पत्र. दुसरं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुंजी, आणि तिच्यावर साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'एक परिचित की पुस्तक है. छुट्टियों में सारे सवाल जाँच दीजिए.'

त्या उन्हाळ्यात सगळे माउंट अबूला गेले आणि मी कूलरसमोर बसून घसरगुंड्या, झोके आणि स्प्रिंगा सोडवत बसले. पावसाळ्यात सुधारित आवृत्ती आली. गोळी दोन मीटरवर थांबली होती. कव्हरवर अजूनही एकच अनुभवी प्राध्यापक होते.

महिनाभरात मीनल स्टाफरूममध्ये आली. दुसऱ्या वर्षाला गेली होती, तरी हातात पहिल्या वर्षाची नवी कुंजी होती. धाकट्या भावासाठी घेतली म्हणे.

"मॅडम, स्प्रिंगच्या सवालात गलती आहे. फॉर्म्युल्यातला अर्धा लिहायचा राहिला आहे."

मी पान पाहिलं. तो सवाल मीच दुरुस्त केला होता. माझ्या तोंडून पटकन निघालं, "प्रेसची चूक असेल."

तिनं वही माझ्यासमोर उघडून ठेवली. सगळ्या पायऱ्या होत्या, उत्तराला चौकट होती, आणि या वेळी कुठंही खोडलेलं नव्हतं.

ऊर्जा नष्ट होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जाते, असं मी पुढे तीस वर्षं शिकवलं. चुकीचंही तसंच असतं, हे मात्र सिलॅबसमध्ये नव्हतं.