देवाखाली ठेवलेला चहा

शैलाताई दार उघडल्यावर आधी वास घ्यायच्या. आलेल्या माणसाचा. त्याला उंबऱ्यात थांबवून, मान किंचित पुढे काढून एक छोटा श्वास, आणि लगेच निकाल. "अत्तर आहे. बाल्कनीत बसा." किंवा, "आज मासे झालेत तुमच्याकडे. हरकत नाही, पण बाल्कनीत." ज्याला कसलाच वास येत नसे त्याला आत सोफ्यावर जागा मिळे. अशी माणसं फार नसतात. आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांनी शैलाताईंचं घर बाल्कनीच्या बाजूनेच पाहिलेलं आहे.

नोएडातल्या या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले तेव्हा पहिलं काम पेस्ट कंट्रोलचं होतं. यादीत सगळ्या फ्लॅट्सपुढे खूण झाली, एका फ्लॅटपुढे होईना. म्हणून मी स्वतः वर गेले. दारावरचं आडनाव मराठी होतं, तेव्हा मराठीतच सुरुवात केली. शैलाताईंनी माझं बोलणं ऐकलंच नाही, हातांकडे बघितलं.

"क्रीम लावलंयस. नुसत्या पाण्याने धुवून ये, साबण नको. मग बोलू."

मी धुवून आले. मी तक्रार करायला आले होते हे हात पुसताना आठवलं.

"फवारणी माझ्याकडे होणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग झुरळांचं काय?"

"त्यांना माझ्याकडे खायला काही नाही. स्वयंपाकघर बघून घे."

मी बघितलं. तांदूळ, मूगडाळ, दही, एक कुकर. फोडणीचं साहित्यच नव्हतं. फोडणीचं खावंसं वाटलं की पुढे त्या आमच्याकडे जेवायला यायला लागल्या. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. मी कायम 'सेक्रेटरीबाई'.

त्या मूळच्या रत्नागिरीच्या. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात चिनी भाषेच्या अनुवादक होत्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. नोकरीत कधीतरी एका शिष्टमंडळाबरोबर चीनच्या दक्षिणेला गेल्या आणि तिथून बांबूच्या सालीत बांधलेली चहाची एक चळत घेऊन आल्या. तिथे हा चहा वाफेवर दाबून भाकरीएवढ्या चकत्या करतात आणि वर्षानुवर्षं ठेवून देतात. लोणच्यासारखा तो मुरतो. नवा असताना कडू, तुरट. जुना झाला की मऊ, गडद, जमिनीच्या वासाचा. या चहाला पुएर म्हणतात. पुढची सगळी वर्षं शैलाताईंनी तो जमवला, विकत घेतला, प्यायला. दूध नाही, साखर नाही, लिंबाएवढ्या पेल्यातून.

त्यांची मोठी अडचण दिल्लीची हवा होती. चहा मुरायला दमट हवा लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात ओला टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो. त्यांच्या चहाच्या कपाटात तळाशी पाण्याने भरलेले छोटे माठ असायचे. उन्हाळ्यात त्या कुणाच्या लग्नालासुद्धा रात्रभर राहत नसत, माठ कोरडे पडतील म्हणून. तरी मनासारखं होत नसे. घोट घेऊन पेला खाली ठेवत आणि म्हणत, "दिल्लीत चहा मुरत नाही. नुसता म्हातारा होतो."

हे त्या चहाबद्दलच म्हणत, पण एकदा आमच्या मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांचं भाषण चालू असताना माझ्या कानात म्हणाल्या, "हेही दिल्लीतच ठेवलेत वाटतं."

खरेदीत त्यांना कुणी फसवू शकत नसे, कारण त्या वेष्टनावरचा कागद वाचत. एकदा गुडगावचा एक तरुण मोठ्या उत्साहाने एक चकती दाखवायला घेऊन आला. त्याने आफ्टरशेव्ह लावलं होतं, त्यामुळे बैठक अर्थात बाल्कनीत. "आंटी, चालीस साल पुराना है," तो म्हणाला. शैलाताईंनी चष्मा बदलला, कागद उलटा केला आणि एका बारीक ओळीवर बोट ठेवलं.

"बेटा, चालीस साल पहले इनकी वेबसाइट थी?"

त्याचा चेहरा पडला. त्यांनी तो चहा तरीही करून प्यायला. "चहा बुरा नहीं है. बस, उम्र झूठ बोलता है. पीते रहो, यार." पुढे तो नियमित येऊ लागला, दाढीला काहीही न लावता.

चहाच्या बाबतीत दयामाया नव्हती. एका दिवाळीला त्यांच्याकडे काम करणाऱ्या सुनीताने, घरात पूजा नाही म्हणून वाईट वाटून, कपाटाजवळ धूप लावला. वरच्या फळीवरच्या एका चकतीला तो वास लागला. शैलाताई सुनीताला काही बोलल्या नाहीत. उन्हाळा लागल्यावर चकती सोडवून बाल्कनीत, इकडची गरम कोरडी लू लागेल अशी उघडी ठेवली आणि सगळा उन्हाळा तिथेच राहू दिली. "वरून लागलेला वास ही हवा उडवून नेते. दिल्लीचा तेवढाच उपयोग." पावसाच्या तोंडावर त्यांनी ती हुंगली, मलाही हुंगायला दिली. धूप होताच. "कापूर असता तर उडून गेला असता. धूप मुक्कामाला येतो," असं म्हणून त्यांनी ती चकती कुस्करून कढीपत्त्याच्या कुंडीत घातली. चांगली जुनी चकती होती. मी हळहळले, त्या हात धुवायला गेल्या.

त्या पहिल्या चळतीतल्या बाकीच्या चकत्या पिऊन संपल्या होत्या. दोनच उरल्या. एक इथे कपाटात, दुसरी रत्नागिरीला. तोच चहा, तेच वर्ष. एक कोरड्या हवेत, एक दमट हवेत. वीसेक वर्षांनी दोन्ही शेजारी ठेवून प्यायच्या, म्हणजे दिल्लीने किती नुकसान केलं ते कळेल, असा बेत होता. दुसरी चकती त्यांनी सुट्टीत घरी गेल्या असताना आईकडे दिली होती. घरात आई, धाकटा भाऊ सुधाकर आणि त्याचं कुटुंब.

मग आई आजारी पडली. सुधाकर फोनवर ये म्हणत राहिला, आणि इथे कार्यालयात चिनी लोकांशी कसलीशी बोलणी चालू असल्याने त्यांना रजा मिळेना. मिळाली तेव्हा आई गेलेली होती. त्या बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि सुधाकर म्हणाला, "बॅग उघडू नकोस. तुला निघायचं असेल." त्यांनी खरोखर ती उघडली नाही. दिवसकार्य होईपर्यंत अंगावरची एक आणि आईची एक, अशा दोन साड्यांवर राहिल्या आणि परत आल्या. त्यानंतर भाऊबहिणीत बोलणं नाही.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही चहाचा हिशेब लागावा म्हणून. पण दर पावसाळ्यात, टीव्हीवर कोकणातला पाऊस दिसला की त्या म्हणत, "तिकडे आता मस्त मुरत असेल." चकती मागवायची तर फोन करावा लागणार होता. तो त्या करत नव्हत्या.

मागच्या वर्षी त्यांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी आडवळणाने सांगितलं, त्यांनी सरळ विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावून कपाटातला कुठला चहा कुणाला द्यायचा ते सांगायला बसल्या. मी लिहून घेत होते. कपाट संपलं.

"रत्नागिरीचा राहिला," मी म्हटलं.

त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

"ताई, नंबर द्या. मी लावते."

"लाव," त्या म्हणाल्या. "पण चहाचंच बोल. तब्येतीचं नको."

मी चहाचंच बोलले. सुधाकररावांना आधी कळेना. "कुठला चहा?" मग एकदम, "ती देवाखालची चकती होय? आहे की! आईने ठेवली होती तिथे. शैलाची वस्तू आहे, इथे कुणी हात लावत नाही, म्हणाली. आम्ही कुणी हलवली नाही." क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "ताई बरी आहे ना?"

मला चहाचंच बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही स्वतः घेऊन आलात तर बरं."

ते राजधानीने आले. प्रवासात सर्दी झाल्यामुळे कपाळाला, छातीला सगळीकडे बाम चोपडलेला. वास जिन्यातूनच येत होता. मी शैलाताईंकडे पाहिलं. त्यांनी नेहमीसारखा छोटा श्वास घेतला.

"आत ये," त्या म्हणाल्या. "सोफ्यावर बस."

सुधाकररावांनी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेली चकती काढली. "आईच्याच साडीचा आहे," ते म्हणाले. शैलाताईंनी तुकडा घडी करून बाजूला ठेवला आणि चकतीची कड सुईने सोडवली. पहिलं पाणी पानं धुण्यापुरतं, ते ओतून दिलं, नेहमीसारखं. दुसऱ्या पाण्याचा पेला हातात घेतला आणि वास आमच्या तिघांपर्यंत पोहोचला. कापूर. स्वच्छ, थंड, न चुकता ओळखू येणारा कापूर.

इथे एक सांगायला हवं. हा चहा फार चांगला मुरला तर त्याला आतून कापराचा वास येतो. शैलाताईंनीच मला हे अनेकदा सांगितलं होतं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या चहात तो वास कधी आला नव्हता, आणि त्या वाट बघत होत्या ती त्याचीच. पण ही चकती ज्या खणात होती त्याच्या वरच्याच फळीवर रोज आरती होत होती.

"झाला का गं?" सुधाकररावांनी विचारलं. मांडीवर हात ठेवून, निकालाला बसल्यासारखे ते बसले होते. "नीट राहिलाय ना? मला त्यातलं काही कळत नाही."

शैलाताईंनी घोट घेतला. दुसरा घेतला. इतका वेळ त्यांनी कुठल्याही चहाला लावलेला मी पाहिला नव्हता.

"झाला," त्या म्हणाल्या. "नीट ठेवलास, सुधा."

सुधाकररावांनी पेला तोंडाला लावला, गिळला आणि इकडेतिकडे पाहू लागले. "साखर नसते का यात?"

मी डोळे मिटून घेतले. पण शैलाताई म्हणाल्या, "सेक्रेटरीबाई, तुझ्याकडची चमचाभर साखर आण. माझ्याकडे नाही."

त्या मुक्कामात दिल्लीची चकती शेजारी ठेवून प्यायचा बेत झालाच नाही. कुणी आठवणही काढली नाही. सुधाकरराव परत गेल्यावर मी एकदा विचारलं, "ताई, तो कापूर मुरल्याचा की देव्हाऱ्यातला? ती चकती उन्हाळाभर बाल्कनीत ठेवली तर कळेल. तुम्हीच सांगितलंय."

त्यांनी पेल्यात पाणी ओतलं. "पेस्ट कंट्रोलची यादी झाली का तुझी?"

मी विषय सोडला. दुसरा कुठलाही चहा त्यांनी पुढे केला नाही. जोवर पिता येत होतं तोवर रोज त्याच चकतीचा. रोज रात्री भावाचा फोन. भांडणही व्हायचं, बहुतेक औषधांवरून. होळीनंतर थोड्या दिवसांनी त्या गेल्या. सुधाकरराव तेव्हा इथेच होते. बॅग या वेळी पलंगाखाली उघडी पडलेली होती.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी चहा सगळ्यांना पोहोचवला. माझ्या वाट्याला रत्नागिरीच्या चकतीचा उरलेला तुकडा आला. मी त्यातला अर्धा बाल्कनीत, जाळीच्या डब्यात, लू लागेल असा ठेवला. जूनअखेरीस पाणी उकळून तो केला. पहिलं पाणी ओतून दिलं. दुसरं हुंगलं, तिसरं हुंगलं. कापूर नव्हता. चहा चांगला होता, मऊ, थोडा कच्चा. कापूर मात्र उडून गेला होता.

सोसायटीच्या कागदांसाठी सुधाकररावांचा फोन आला. काम झाल्यावर ते घुटमळले.

"वहिनी, एक विचारू? तो चहा खरंच झाला होता का हो? का मला वाईट वाटू नये म्हणून ताई तसं म्हणाली?"

"सुधाकरराव," मी म्हटलं, "कुणाला वाईट वाटू नये म्हणून तुमच्या ताईंनी कधी काही केलेलं तुम्हाला आठवतंय का?"

ते विचारात पडले. मग मोठ्याने हसले. "नाही बुवा. कधीच नाही."

"मग?"

"मग झालाच असणार," ते म्हणाले.

राहिलेला अर्धा तुकडा मी आमच्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आहे. तिथे कुणी हात लावत नाही.