धुळाच्या गाडीवरची घंटा

काम पक्कं केलं म्हणून कधी रडलाय का तुम्ही? नाही ना? मग आमच्या मल्लेशला निष्काळजी म्हणायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

मल्लेश मूळचा अक्कलकोटचा. विजापूर रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज. बोलणं मराठीत, हिशेब कन्नडमध्ये आणि शिव्या दोन्हीत. गेल्या वर्षी सांगोल्याकडचा मेंढपाळ धुळा त्याच्याकडं आला. बिऱ्हाड आणि नवी कोकरं वाहणारी त्याची घोडी मेली होती. म्हणून त्यानं दीडशे सीसीची, उंच, कच्च्या रस्त्यालाही चालणारी जुनी गाडी स्वस्तात घेतली होती.

"मल्लेशअण्णा, हिची घोडी करून द्या की."

"कडबा खाईल का?"

"चेष्टा नगं. मेंढरासंगं चालंल, पळणार न्हाय, अशी करा."

मागं धुळाची बायको तानाबाई उभी होती. "आदी ह्यांनाच लगाम घाला, अण्णा. लई पळत्यात!"

मल्लेश पंधरा दिवस त्या गाडीला चिकटला. पहिल्या गिअरला मेंढराच्या चालीनं चालावी म्हणून मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं घातलं. मागं जड स्प्रिंग, पुढं मोठ्या गाडीचे शॉकअप, खडकात पकड घेणारे गोट्यागोट्यांचे बटन टायर, इंजिनखाली जाड पत्रा, दोन्ही बाजूंना कोकरांसाठी पाळणे. आणि हँडलला मेलेल्या घोडीची घंटा. कळप त्या आवाजामागंच चालायचा.

एकटं कुठं निघायचं तर धुळा घंटा काढायचा, हात आडवा करून तानाबाईकडं द्यायचा आणि मगच किक मारायचा. पण खडकाळ रानात घंटेचा बोल्ट ढिला व्हायचा. दोनदा ती पडली. तिसऱ्यांदा मल्लेशनं तिला वेल्डच मारला.

"आता गाडी मोडेल, घंटा पडायची नाही," म्हणाला. खुशीत होता.

तेव्हापासून धुळा एकटा निघताना घंटेत चिंधी कोंबायचा.

फेब्रुवारीत हायवेच्या कडेला तळ होता. सकाळी एक मेंढी विताना अडली. धुळा डॉक्टरला आणायला घाईनं निघाला, चिंधी राहिली. पाळण्यांच्या खडखडाटात त्याला मागचं काही कळलं नाही. अख्खा कळप घंटेमागं हायवेवर चढला. तानाबाई हात पसरून आडवी धावली. मेंढरं वळली. ट्रक थांबला नाही.

हायवे रुंद करताना मेंढरांच्या वाटेला खालून एक बोळ ठेवायचं कुणाला सुचलं नाही. ते सगळे हुशार, आणि निष्काळजी कोण? मल्लेश!

त्यानं शटर ओढलं. महिन्यानं धुळा ती गाडी ढकलत आला. मी तिथंच होतो.

"अण्णा, घंटा कापा."

"माझा हात उचलत नाही रे. दुसरीकडं जा."

"कुटं जाऊ? तुमचा वेल्ड हाय. आन् तिच्याबिगर मेंढरं पाऊल टाकत न्हाईत. निघंल अशी बसवून द्या."

मल्लेशनं ग्राइंडर उचलला. ठिणग्या उडत होत्या, डोळ्याला गॉगल होता, तरी गाल ओले. कापलेल्या जागी त्यानं एका हातानं निघेल असा हूक बसवला.

धुळानं घंटा काढून बघितली. निघाली. सवयीनं त्यानं हात आडवा केला.

तिथं घ्यायला कुणी नव्हतं.

मल्लेश तेल लागलेले हात पुसत उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी ती घंटा घेतली.

गॅरेज आता उघडं असतं. पण गिऱ्हाईक दारातनं कुजबुजून परत फिरतं, आणि रिकामा बसला की तो त्याच हातांकडं बघत राहतो. तुमची गाडी त्याच्याकडं न्या. तानाबाईचं विचारू नका. फक्त काम सांगा.