अवैध अध्यक्षांनी वैधपणे काढलेले मामा

माझे मामा बिजली दफ्तरातून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी मंडळात जाऊन पेपर वाचत, आणि संध्याकाळी परत तिथेच जाऊन सकाळचा पेपर कसा चुकला ते सांगत. मंडळ म्हणजे हिंदी मुलखातल्या या शहरात परदेशीपुऱ्याच्या आसपासच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांचं. एक हॉल, एक वाचनालय, गणपतीचे दहा दिवस, आणि उरलेलं वर्ष हॉल लग्नांना भाड्याने. मामामामींना मूलबाळ नाही. मामी म्हणायची, "लोकांना सवत असते, मला मंडळ आहे."

काही वर्षांपूर्वी मंडळाची निवडणूक झाली आणि एक बांधकाम ठेकेदार दणदणीत फरकाने अध्यक्ष झाले. माणूस मनाने उदार. मत देणाऱ्या प्रत्येकाच्या घरी त्यांनी पेढ्यांचा डबा पाठवला. मामांच्या शेजारच्या काकूंकडेही एक आला. डबा आणणारा म्हणाला, "काकांना सांगा, अध्यक्षजींनी थँक्यू बोललंय, वोट दिल्याबद्दल."

काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. "सांगते," काकू म्हणाल्या, "भेट झाली की."

मग त्या डबा घेऊन थेट मामांकडे आल्या. मामा थक्क झाले. "जिवंत होता तोवर हा माणूस वोट द्यायला कधी खाटेवरून उठला नाही," ते म्हणाले. "आता एवढ्या लांबून आला?"

चार घरी चौकशी केली तेव्हा कळलं, आणखीही बरेच दिवंगत सभासद मतदानाला येऊन गेले होते. मामांनी संस्थांच्या पंजीयकाकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे, तक्रार ठोकली. वकील म्हणून पलासियात ऑफिस असलेली माझी शाळेतली मैत्रीण गाठून दिली ती मीच.

अध्यक्षांनी ताबडतोब सभा बोलावली. मंडळाची बदनामी केली म्हणून मामांचं सभासदत्व रद्द करण्याचा ठराव मांडला. सभेनंतर श्रीखंड-पुरी होती, त्यामुळे कुणी चर्चा लांबवली नाही. हात वर झाले, मामा बाहेर झाले.

त्यानंतर मामा घरीच पेपर वाचू लागले, तोही मोठ्याने. मामीचे कान किटले. इकडे तक्रार चालत राहिली आणि तिकडे अध्यक्ष धडाक्याने कामं करत राहिले. हॉलला एसी बसले, नवं स्वयंपाकघर झालं, हाताला चव असलेला आचारी नेमला गेला. लग्नांची तर रांग लागली. लोक मामांना रस्त्यात गाठून म्हणत, "तुमचं बरोबर आहे, काका. पण एसी मस्त आहेत, हां."

अखेर निकाल लागला. मी शहराबाहेर राऊच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते; त्या दिवशी तास लवकर आटोपून मामांना स्कूटीवर बसवलं आणि पलासियाच्या ट्रॅफिकमधून कशीबशी वाट काढत मैत्रिणीच्या ऑफिसात पोचले.

"अभिनंदन, मामाजी!" ती म्हणाली. "निवडणूक रद्द."

"म्हणजे तो अध्यक्ष नव्हताच?"

"नव्हताच."

"मग मला काढलं कुणी?"

मैत्रिणीने चष्मा काढून पुसला. "त्यांनीच. मामाजी, आदेशात पुढे असंही आहे की त्यांनी पदावर असताना केलेली कामं वैध धरायची. लोकांनी भरवशावर व्यवहार केलेत ना. आचारी नेमला, हॉल भाड्याने दिला, लग्नं लागली. उद्या कुणी म्हणालं की बुकिंगच खोटं होतं, तर मंडपातल्या माणसाने काय करायचं?"

"लग्नं राहू दे गं. मी कुठल्या भरवशावर होतो? मला काढताना तो माणूस हसत होता!"

"हसण्याबद्दल आदेश काही बोलत नाही. पण आकसाने काढलं म्हणून आपण वेगळी दाद मागू शकतो."

"किती वर्षं लागतील?"

मैत्रिणीने मामांकडे नीट पाहिलं आणि चहा मागवला.

नवी निवडणूक मामांमुळे झाली, पण मामांनाच मत नव्हतं. ते समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. मी सोबत होते. आत जाणारे त्यांच्याशी हात मिळवून आत जात. तेवढ्यात जुने अध्यक्ष आले. त्यांचं सभासदत्व शाबूत होतं. रस्ता ओलांडून येऊन ते मामांच्या पाया पडले.

"काकाजी, बुरा मत मानना. मी चुकीचा होतो, पण माझी सही बरोबर निघाली."

"मग सहीलाच उभं करायचं होतं, भिया," मामा म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

नवे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. नको तितके कायदेशीर. एका रविवारी ते मामांच्या घरी आले आणि म्हणाले, "आम्हाला फार वाईट वाटतं. तुम्ही फक्त पुनःप्रवेशाचा अर्ज करा."

"मी बाहेर गेलोय असं मी मानतच नाही. प्रवेश कसला?"

"मग ठराव रद्द करावा लागेल. तो वार्षिक सभेतच होतो, आणि ती तर परवाच झाली." एवढं बोलून त्यांनी मामांच्या धैर्याची तारीफ केली, बेसनाचे दोन्ही लाडू संपवले आणि गेले.

मामा त्या दिवसापासून गप्पच झाले. पेपरही मनात वाचू लागले. गणपती बसले, ढोल घरापर्यंत ऐकू येत होते, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मामीला ते बघवेना.

"अहो, मंडळात सभासदाला पाहुणा आणता येतो ना?"

"येतो."

"मग उठा. मी सभासद आहे."

"मी पाहुणा? तिथे?"

"अर्ज नको, ठराव नको. कुर्ता इस्त्री करून ठेवलाय."

मीही त्या संध्याकाळी गेले होते. गेटवरच्या मुलीने मामांच्या छातीला 'पाहुणे' लिहिलेली फीत लावली. जन्मभर खांबाआडच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवलं. नव्या अध्यक्षांनी नारळ दिला, जुन्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांचे डोळे भरून आले; एसीचा झोत थेट तोंडावर येतोय, असं ते म्हणाले. मग प्रसादाचा मोदक चाखून मामीच्या कानाशी वाकले. "गूळ कमी पडलाय."

"पाहुण्यांनी नावं ठेवू नयेत," मामी म्हणाली.

पुढच्या वार्षिक सभेत तो ठराव रद्द झाला. मामा पुन्हा वर्गणी भरतात, सकाळ-संध्याकाळ मंडळात जातात. पण परवा गणपती जवळ आले तसं त्यांनी हळूच मामीला विचारलं, "यंदाही मला तूच नेशील का? सभासदांना सोफा मिळत नाही."