रगडली का, बाबा?

गल्लीत त्याला सगळे जपूनमास्तर म्हणायचे. दुरुस्त झालेल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवताना तो एकच शब्द बोलायचा, "जपून." तीस वर्षं बोलत आला. दुधाने तोंड पोळलं की माणसं ताकही फुंकून पितात. हा गृहस्थ काही न पोळताच पाणी फुंकून प्यायचा. लग्नानंतर नवरा पहिल्यांदा तोंड उघडून बोलला तो "पायरी आहे, जपून" एवढंच, असं त्याची बायको येईल त्याला सांगायची.

अशा माणसाच्या पोटी शर्यतीत गाडी पळवणारी लेक यावी, ही थट्टाच म्हणायची. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची आणि तिची दोन सीटची टर्बोवाली गाडी बापाच्या गॅरेजात उभी असायची. यंदा एका संघाला एकच नवा ड्रायव्हर हवा होता. निवडीची शर्यत एक, आणि वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिला अर्जही करता आला नसता.

म्हणून बापाने इंजिन नव्याने बांधलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, आतून घासून घेतलेले सिलिंडर. कामाला बोट ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात लेकीला आठ दिवस परगावी जावं लागलं.

"पहिले तीनशे किलोमीटर तुम्ही काढा," जाताना ती म्हणाली. "पण रगडून काढा, बाबा. चढावर न्या, गॅस दाबा, सोडा, परत दाबा. आत दाब झाला नाही तर रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासून घट्ट बसायच्या नाहीत."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. विनवते."

तो हो म्हणाला. आणि रोज सकाळी ती गाडी त्याने अशी चालवली की सायकलवाले मागे वळून बघत पुढे गेले. नवं इंजिन म्हणजे ओली बाळंतीण, असं त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलं होतं. घरगुती गाड्यांत ते इतकी वर्षं खपूनही गेलं होतं. दोनदा त्याने पाय दाबायचा विचार केला. इंजिन ओरडलं, आणि त्या आवाजात त्याला लेक दिसली, कुठल्यातरी वळणावर, भिंतीकडे जाताना. त्याने पाय काढला.

ती परत आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "रगडली का, बाबा?"

"रगडली."

मग गाडी ऑइल प्यायला लागली. सकाळी मोजपट्टीवर ऑइल वरच्या खुणेला, संध्याकाळी खालच्या. गॅस सोडून परत दाबला की मागे निळा धूर. रिंगा बसल्या आहेत असं धरूनच लेक दोष शोधत होती. तिने टर्बो उतरवला, वॉल्व्हची सीलं बदलली, नळ्या धुतल्या. रजा टाकून सहा दिवस ती गाडीखाली होती आणि बाप बाजूला दिवा धरून उभा होता.

त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती जेवायला गेली तेव्हा त्याने प्लग काढून भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. हळू चालवल्याने सिलिंडरची भिंत घासलेल्या ताटासारखी चकचकीत झाली होती. रिंगांना धरायला जागाच नव्हती, ऑइल सरळ वर चढत होतं. यावर उपाय एकच, इंजिन पुन्हा खोलून नव्या रिंगा घालायच्या. त्याने गुपचूप फोन केला. तिच्या इंजिनाच्या रिंगा यायला दहा दिवस लागणार होते. शर्यत सातव्या दिवशी होती.

सांगून आता काय होणार, असं तो स्वतःला समजावत राहिला. तिने मान वर करून विचारलं, "टर्बोच असेल ना?" तर म्हणाला, "परत एकदा बघू." इतका हलकटपणा त्याने आयुष्यात कधी केला नव्हता.

शर्यतीत ती पहिल्या फेरीला चौथी होती, दुसऱ्या फेरीला दुसरी. तिसऱ्या वळणावर गाडीमागे निळा पडदा उभा राहिला. ट्रॅकवर ऑइल सांडण्याचा धोका पत्करायला कुणी तयार नव्हतं. झेंडा दाखवून तिला बाहेर काढलं.

ती हेल्मेट काढून कठड्यावर बसली. "सगळं बघितलं होतं हो आपण," ती म्हणाली. "काय राहिलं, बाबा?"

"मी रगडली नव्हती," तो म्हणाला. "एकदाही नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने किल्ली त्याच्या हातात दिली आणि डाव्या-उजव्या कुठल्याच बाजूला न बघता गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली.

घरचा रस्ता सरळ होता, रिकामा होता.

"दाबा," ती म्हणाली. "आता काय बिघडायचंय?"

त्यालाही दाबायचं होतं. एवढं एक तरी तिच्यासाठी करावं, असं त्याला जिवापासून वाटत होतं. त्याने दात आवळले, स्टिअरिंग घट्ट धरलं. पाय पेडलवर होता, पण तो खाली जाईना. मागून एका टेम्पोने हॉर्न दिला आणि तो त्यांना ओलांडून निघून गेला.

"राहू द्या," लेक म्हणाली आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.