बाजूचं फाटक

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि दोन मोठ्या वन्संच्या. पहिली घडी झाली होती. दुसऱ्या घडीला दोघींनी पुढे येऊन टोकाला टोक जुळवायचं असतं. मी पुढे आले, वन्सं जागच्या हलल्या नाहीत.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. "वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला अठ्ठावन्न माणसं. वरून कागद आलाय."

मोठ्या वन्सं म्हणजे आमच्या यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात आणि गेली अठ्ठावीस वर्षं वस्तीच्या स्टेशनावर एकट्या काम करतात. तिकीट देणं, पास तपासणं, फाटक सांभाळणं, बाकं पुसणं, घड्याळाला किल्ली देणं, सगळं त्याच.

"अठ्ठावन्न कसे होतील?" मी म्हटलं. "मागच्या गुरुवारी मी गेले तेव्हा सकाळच्या एका गाडीला चाळीस तरी माणसं होती."

"त्यातली मोजणीच्या फिरत्या दांड्यातून किती गेली?"

"दांड्यातून कशाला जातील? तुम्हीच तर बाजूचं फाटक उघडून धरता."

चादर त्यांच्या हातातून सुटली. त्या मागच्या खोलीत गेल्या. मी ती अर्धवट घडी खुर्चीच्या पाठीवर टाकली. ती पुढे बारा दिवस तिथेच होती. रोज सकाळी प्रार्थना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते, त्या बारा दिवसांच्या ओळी समोर ठेवून हे लिहिते आहे.

आधी स्टेशनाबद्दल सांगायला हवं. त्याच्या पाटीवर जे नाव आहे त्या नावाचं गावच नाही. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी शहराबाहेर एक मोठं नवं गाव वसवायचं ठरलं होतं. नकाशे झाले, नाव ठरलं आणि गावाआधी स्टेशन बांधून मोकळे झाले. एका वेळी बारा माणसं शेजारी शेजारी उतरतील एवढा रुंद जिना, शंभर माणसं बसतील एवढी बाकं, चार फलाट. मग कुणीतरी जमीन खणून पाहिली. खाली नुसती दलदल. गाव कालव्यापलीकडे गेलं, स्टेशन मात्र उचलून नेता येईना. चारांपैकी दोन फलाटांना कधी रूळच लागले नाहीत. दुसऱ्या अंगाचा एक जिना आहे, तो चढून गेलं की समोर भिंत येते. परकी माणसं अजूनही चढतात आणि जरा वेळाने खाली मान घालून परत येतात.

गावाच्या जागी आमच्यासारख्या सात-आठ गल्ल्या झाल्या आणि पुढे एक डोळ्यांचा दवाखाना आला. बस्स.

वन्संना इथे नेमणूक मिळाली तेव्हा हे वीस वर्षांचे होते. "ताई, तिथे जाऊन काय माशा मारणार?" असं यांनी विचारलं होतं म्हणे. वन्सं म्हणाल्या होत्या, "माशा असल्या तर मारीन. आधी बघू दे." त्या कोणतंही काम अशाच करतात. स्टेशन रिकामं असो की भरलेलं, बाक पुसायचं म्हणजे पायांसकट पुसायचं. मला देवाचं नाव घेताना जेवढं लक्ष लागत नाही तेवढं त्यांचं त्या बाकांत लागतं, हे मी मनात कितीदा कबूल केलं आहे.

आत जायच्या वाटेवर लोखंडी दांड्याचं फिरतं यंत्र आहे. पोटाने ढकललं की दांडा फिरतो, एक माणूस आत जातो आणि वरचा आकडा एकाने पुढे सरकतो. शेजारी एक साधं रुंद फाटक आहे, चाकांच्या खुर्चीसाठी, बाळाच्या गाडीसाठी, मोठ्या सामानासाठी. त्याची किल्ली वन्संच्या गळ्यातल्या दोरीला. नियम असा की हे फाटक उघडलं की नोंदवहीत लिहायचं: कोण, किती वाजता, कशासाठी.

दवाखाना सुरू झाला तसे डोळ्याला पट्टी बांधलेले लोक यायला लागले. त्यांना दांडा दिसायचा नाही, धाडकन आपटायचे. वन्संनी त्यांना फाटक उघडून द्यायला सुरुवात केली. मग गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना. मग हातात दोन पिशव्या असलेल्या बायकांना. मग त्यांना वाटलं, ज्याच्याकडे महिन्याचा पास आहे त्याने पैसे भरलेलेच आहेत, त्याने तरी रोज पोटाला दांडा का लावून घ्यावा? पास बघायच्या आणि फाटकातून सोडायच्या. असं एकोणीस वर्षं चाललं. फुकट कुणी गेला नाही. पण दांडा फिरला नाही, म्हणजे आकडाही सरकला नाही. त्यांनी ज्यांची ज्यांची सोय केली ते सगळे यंत्राच्या लेखी कधी आलेच नव्हते.

आणि आता वरून आलेल्या कागदात लिहिलं होतं की दिवसाला दोनशेपेक्षा कमी माणसं चढतात अशा स्टेशनांवर गाडी थांबणार नाही.

त्या दिवशी जेवताना वन्संनी हे सगळं यांना सांगितलं.

"मी कळवणार आहे," त्या म्हणाल्या.

"काय कळवणार? एकोणीस वर्षं नियम मोडला म्हणून?"

"हो. नोंदवहीत सगळ्या मिळून अकरा नोंदी आहेत. तेवढ्या तरी का केल्या देव जाणे."

"ताई, तुला वेड लागलंय. चौदा महिने राहिलेत तुझे. डाग नाही, शेरा नाही. गप्प बस. तुला दुसरीकडे पाठवतील, खुर्ची देतील, पंखा देतील."

"आणि पट्टीवाले कालव्यापलीकडच्या स्टेशनापासून चालत येतील?"

"ते काय तुझे सोयरे आहेत?"

"तुझा चष्मा कुठून केला?" वन्संनी विचारलं. "आणि अरे, मी गप्प बसले तर ते यंत्रच खरं ठरेल. भात वाढ गं मला."

हे चिडले की मीठ मागतात. त्यांनी मीठ मागितलं.

पत्र त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं आणि चुका बघायला मला दिलं. सात ओळी होत्या. आकडा कमी दिसतो तो माझ्यामुळे. फाटकाने किती गेले याची नोंद मी ठेवली नाही. चूक माझी आहे, प्रवाशांची नाही. फाटक बंद ठेवून पुन्हा मोजणी करावी. मी म्हटलं, "लोकांना त्रास व्हायचा म्हणून केलं, हे लिहा की." त्या म्हणाल्या, "ते त्यांनी विचारलेलं नाही."

चौथ्या दिवशी उत्तर आलं. पाच दिवस मोजणी. फाटकाला वरून आणखी एक कुलूप लागलं आणि दोन कारकून आले. एक लठ्ठ आणि बोलका, एक बारीक आणि सर्दी झालेला. वन्संनी दोघांना पुसलेलं बाक दिलं.

मोजणीच्या पहिल्या सकाळी मी डबा द्यायला गेले होते. दांड्यापुढे रांग लागली होती. त्या स्टेशनावर रांग मी पहिल्यांदाच पाहिली.

"ताई, फाटक उघडा की!"

"आजपासून दांड्यातून."

"आमचं काय चुकलं?"

"तुमचं नाही. माझं चुकलं. चला, पुढे व्हा."

निवृत्त शिंपीकाका त्या दांड्यात पिशवीसकट अडकले. पुढेही जाईनात, मागेही येईनात. लठ्ठ कारकून उठून आला, तेव्हा काका म्हणाले, "साहेब, मला दोन धरा. एक मी आणि एक हे पोट." सगळी रांग हसली. सर्दीवाल्याने मान वर न करता सांगितलं, "एकच."

दवाखान्यातून येणाऱ्यांना वन्सं स्वतः हात धरून दांड्यातून काढत होत्या. आधी त्यांचा तळहात दांड्यावर ठेवायच्या, थंडगार लोखंड ओळखीचं होऊ द्यायच्या, मग म्हणायच्या, "आता ढकला." एकालाही आपटू दिलं नाही.

पहिल्या दिवशी दोनशे एकोणीस झाले. दुसऱ्या दिवशी दोनशे सहा. तिसऱ्या दिवशी दवाखान्याचे मोठे डॉक्टर सुट्टीवर होते, एकशे ऐंशी. चौथ्या दिवशी एकशे शहाण्णव. यांनी, ज्यांना यात पडायचंच नव्हतं त्यांनी, वर्तमानपत्राच्या कडेला बेरीज करून सांगितलं की पाचव्या दिवशी निदान एकशे नव्व्याण्णव हवेत.

ही बातमी गल्लीत कुणी फोडली ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. पाचव्या दिवशी दुपारी समोरच्या घरातल्या मावशी पर्स घेऊन स्टेशनावर हजर. मी तिथेच होते.

"किती झाले गं?" त्यांनी वन्संना विचारलं.

"एकशे एक्क्याण्णव."

"मग मी एक तिकीट काढते, आत जाते, पलीकडच्या दारातून बाहेर येते, पुन्हा काढते. आठ फेऱ्या. पाय मोकळे होतील."

"तुम्हाला कुठे जायचंय?"

"कुठेच नाही."

"मग तिकीट नाही."

"अगं, पैसे देऊन घेतेय ना! तुझ्याच स्टेशनासाठी!"

"मावशी, एकोणीस वर्षं मी आलेल्यांना न मोजता सोडलं. आता न आलेल्यांना मोजून घेऊ?"

मावशी फणकारल्या. "मग बस घड्याळ बघत!" म्हणाल्या आणि बाकावरच बसल्या. मीही बसले. मनातल्या मनात जप सुरू केला, पण खरं सांगायचं तर जपापेक्षा दांड्याकडेच जास्त लक्ष होतं. पाचला खिडकी बंद होते. त्यानंतर इथून कुणी चढत नाही, उतरतात तेवढे.

साडेचारच्या गाडीला दवाखान्यातून सहाजण आले. पट्टीवाले तिघे, सोबतचे तिघे. एकशे सत्त्याण्णव. पावणेपाचला कुणीच नाही. लठ्ठ कारकुनाने बोलणं थांबवलं होतं. पाचला चार मिनिटं असताना दवाखान्यातल्या दोन परिचारिका धावत जिना उतरल्या, त्यांच्यामागे त्यांचा शिपाई. दांडा तीनदा फिरला. सर्दीवाल्याने रुमाल खिशात घातला आणि दोनशे लिहिले. वन्संनी खिडकी खाली ओढली, बाक पुसलं आणि "डब्याची पिशवी कुठे ठेवलीस?" एवढंच मला विचारलं.

निकाल दोन दिवसांनी आला. सरासरी दोनशेवर दोन दशांश. गाडी थांबत राहील. त्याच पाकिटात दुसरा कागद होता. फाटकाच्या नियमाबद्दल सेवापुस्तकात शेरा, आणि उरलेले महिने शहरातल्या मोठ्या स्टेशनावर, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. इथे नवा माणूस येईल. त्याने फाटक फक्त चाकांच्या खुर्चीसाठी उघडावं आणि लिहून ठेवावं.

यांनी तो कागद दोनदा वाचला. "सांगितलं होतं मी," म्हणाले आणि घडी घालून तो परत दिला. "वाईट वाटतंय का ताई?"

"खुर्ची आहे, पंखा आहे," वन्सं म्हणाल्या. "तूच म्हणाला होतास." आणि पुढे म्हणाल्या, "पट्टीवाल्यांचा हात आधी दांड्यावर ठेवायचा, हे त्या नव्याला सांगून ठेवते. कागदात ते नाही."

मग त्यांचं लक्ष खुर्चीवर गेलं. "ही चादर अजून इथेच?" त्यांनी दोन टोकं उचलली, दोन माझ्याकडे दिली. आम्ही पुढे आलो, टोकाला टोक जुळलं, घडी झाली. चादर त्यांनीच कपाटात ठेवली आणि गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली.

उद्या सकाळी नऊला त्यांना मुख्य कचेरीत जाऊन बाजूच्या फाटकाची किल्ली जमा करायची आहे.