परत एकदा कौल

लांज्याला एसटी स्टँडसमोर माझ्या नेहमीच्या चहावाल्याची टपरी आहे. मागच्या पडद्याआड जुगाराचं मशीन. तिथे हरलेला माणूस "पुढच्या वेळी नक्की" म्हणाला, की हा गालात हसायचा. अशा मशीनवाल्यांची शिक्षा सरकारने वाढवल्याचं पेपरात आलं आणि त्याचं हसू गेलं. आता पोलिसांची जीप दिसली की तो पडदा ओढायला धावतो आणि इकडे चहा उतू जातो.

काल मी वैतागून म्हटलं, "अहो, काढून टाका ना ते मशीन!"

"ग्रामदेवीला कौल लावला," तो कुजबुजला. "मशीन काढू काय, विचारलं. फूल उजवीकडून पडलं. काढ म्हणून सांगितलान."

"मग काढा की!"

रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "उद्या परत लावतो. दर वेळी उजवंच थोडं पडणाराय!"